पुरचुंडीतले तांदूळ

आई, तुझी बाळाचे ठोके ऐकायची ॲल्युमिनियमची नळी माझ्या कामाच्या टेबलाच्या खणात आहे. मी डॉक्टर झाले तेव्हा तू ती मला दिलीस, जुन्या साडीच्या फडक्यात गुंडाळून, आणि वर म्हणालीस, "आता तुमच्याकडे मोठी यंत्रं असतील, पण लाइट गेली की हिची आठवण येईल." मला तेव्हा हसू आलं होतं. तुला जाऊन सतरा वर्षं झाली. मी आता जिथे काम करते तिथे लाइट गेली तर जनरेटर आहे, जनरेटर बंद पडला तर बॅटरी आहे, फक्त नळी लावायला पोट नाही. पोट असतं पेठच्या डोंगरात आणि मी असते नाशिकला, मुंबई नाक्याजवळ तिसऱ्या मजल्यावर, एका पडद्यासमोर. आज रविवार आहे. उद्या सकाळी मला ऑफिसात एक अहवाल द्यायचा आहे आणि त्यावर एका नर्सची नोकरी राहते की जाते ते ठरणार आहे. अहवाल लिहून झालाय, दोन पानं, त्यातला प्रत्येक शब्द खरा आहे. तरी सकाळपासून तो समोर ठेवून बसले आहे, जेवायचंही टाळलंय, आणि आता तुला लिहायला घेतलंय.

आधी माझं काम सांगते, नाहीतर तू मध्येच अडवून विचारशील की पेशंट कुठाय. पेशंट उपकेंद्रात असतो. तू नर्स होतीस आणि आपण राहायचो तसंच उपकेंद्र, पुढे दोन खोल्या, ओटा, मागे क्वार्टर, फक्त आता छपरावर एक थाळीएवढी अँटेना. तिथली नर्स त्याचं बीपी घेते, रक्ताचा थेंब तपासते आणि पाटीएवढ्या टॅबलेटसमोर त्याला बसवते. मी इथून त्याला बघते, विचारते, औषध सांगते, आणि ते तिथल्याच कपाटातून त्याच्या हातात पडतं. तू नाक मुरडशील हे मला माहीत आहे. पण कळवणकडचे एक आजोबा दर पंधरा दिवसांनी पडद्यावर येतात, शर्टाचं वरचं बटण लावून, टोपी सारखी करून, आणि मला पहिल्यांदा विचारतात, "जेवल्या का डॉक्टरबाई?" शुगरच्या गोळ्यांसाठी नाशिकला येण्यात त्यांचा आख्खा दिवस जायचा, म्हणून त्यांनी गोळ्याच सोडून दिल्या होत्या. आता ते चालत येतात आणि चालत जातात. एवढ्या मोठ्या देशात प्रत्येक पाड्याला डॉक्टर कुठून पुरणार, असं मी चारचौघांत सांगते तेव्हा लोक माना हलवतात. त्यापुढचं वाक्य मी गिळते, की पाड्यावर जायला तयार नसलेल्या डॉक्टरांत मीही आहे. तुला वाटायचं मी शिकून परत तिकडे येईन. तू कधी तोंडाने बोलली नाहीस, पण शेवटच्या परीक्षेच्या वर्षी क्वार्टरला चुना मारून घेतला होतास. मी सक्तीच्या सरकारी नोकरीचं, बॉण्डचं, एक वर्ष केलं आणि नाशिकला घर बघायला लागले. पडद्यावरचं हे काम आलं तेव्हा मला मनापासून वाटलं की आता दोन्ही जमलं, नाशिकही आणि पाडाही.

त्या क्वार्टरचं स्वयंपाकघर मला अजून जसंच्या तसं दिसतं. बाबा सटाण्याला शाळेत, शनिवारी यायचे आणि सोमवारी जायचे, त्यामुळे घरात राज्य तुझंच. दोन स्टोव्ह होते. एकावर आपला भात, दुसऱ्यावर पातेल्यात काचेच्या सिरिंजा आणि सुया उकळत असायच्या, आणि त्या पातेल्याकडे मी नुसतं बघितलं तरी तू म्हणायचीस, "हात लावलास तर बघ." भात शिजेपर्यंत ओट्यावर माणसं जमायची. तू बाहेर जाऊन त्यांच्यात बसायचीस, खुर्चीत नाही, खाली. नागलीचं कसं काय, म्हशीला काय झालं, असं बोलत बोलत तुझा हात समोरच्या बाईच्या पायाशी जायचा आणि अंगठा घोट्याच्या वर दाबला जायचा. अंगठा काढल्यावर सुजेचा खळगा राहतो का, हे तू तिरक्या नजरेने बघायचीस आणि गप्पा तशाच चालू. मला लहानपणी वाटायचं, सगळ्यांच्याच आया बोलताना पाय दाबून बघतात. शाळेतल्या एका मैत्रिणीच्या आईने तसं केलं नाही तेव्हा मला ती जरा आखडू वाटली होती.

आणि तो भगत, पाड्यांवरचा देवऋषी. त्याच्याशी तू कधी भांडली नाहीस, उलट चहा पाजायचीस. पाड्यावर कोणी आजारी पडलं की त्याच्या अंगावरून मूठभर तांदूळ उतरवायचे, हळदीच्या फडक्यात गाठ मारून पुरचुंडी करायची, आणि घरातल्या एकाने ती घेऊन भगताकडे जायचं. आजारी माणूस घरीच राहतो. पुरचुंडी नेणारा त्याच्या जागी बसतो, भगत तांदूळ बघतो, त्यालाच प्रश्न विचारतो, आणि तो घरच्या माणसाचं दुखणं सांगतो. त्यात लपवाछपवी काही नव्हती. तापाने फणफणलेल्या माणसाला दोन डोंगर चालवण्यापेक्षा ते शहाणपणाचंच होतं. पण तीच माणसं परत जाताना, मुठीत तीच पुरचुंडी घेऊन, तुझ्या ओट्यावर यायची आणि म्हणायची, बाई, हिच्या वाटच्या गोळ्या द्या. तेव्हा तू एवढंच म्हणायचीस, "भगताला तांदूळ चालतात. मला माणूस लागतं." आणि पायात चपला घालायचीस. दोन तास असो की तीन, पेशंट येऊ शकत नसेल तर तू जायचीस. मला त्या पुरचुंडीचा राग यायचा, कारण ती दिसली की त्या दिवशी तू जेवायला घरी नसायचीस.

मी अकरा वर्षांची होते तेव्हा असाच एक माणूस आला. तू लसी घेऊन दुसऱ्या पाड्यावर गेलेली. त्याच्या मुठीत पुरचुंडी होती, तो म्हणाला, बायकोला ताप हाय, बाळंत होऊन आठ दिस झाले. मी कपाट उघडलं, तापाच्या पांढऱ्या गोळ्या कुठल्या डब्यात असतात ते मला माहीत होतं. चार गोळ्या कागदात बांधल्या, सकाळ-संध्याकाळ असं सांगितलं, तुझ्यासारखी मानही हलवली. तो पाया पडून गेला. मला एवढं मोठं झाल्यासारखं कधीच वाटलं नव्हतं. तू दुसऱ्या दिवशी दुपारी आलीस, मी ऐटीत सांगितलं, आणि तू खांद्यावरची पेटी खाली ठेवता ठेवता थांबलीस. "तिला बघितलंस?" "त्यानं सांगितलं ना." तू मला मारलं नाहीस. माझा दंड धरलास आणि म्हणालीस, "सांगितलेलं ऐकणं आणि बघणं ह्यात काय फरक असतो ते चल, दाखवते." पाण्याचा घोटही न घेता तू निघालीस. वाटेत एका चढावर मी बसले, रडले, परत जाऊया म्हणाले, तेव्हा तू मागे न बघता म्हणालीस, "गोळ्या देताना पाय नाही दुखले." ती बाई चुलीजवळ पडलेली होती. तू तिचा पदर बाजूला केलास आणि मला जवळ बोलावलंस. छाती लाल, दगडासारखी, आतमध्ये पू झालेला. माझ्या गोळ्यांनी ताप जरासा उतरला होता, म्हणून घरच्यांनी एक दिवस जास्त वाट बघितली होती. तिला झोळी करून खाली आणलं, जीपने पेठला नेलं. ती वाचली. त्या झोळीमागे चालताना मी तुझा पदर धरला होता आणि तू तो सोडवून घेतला नाहीस.

आठवड्याने पेठहून डॉक्टरसाहेब आले, ओट्यावर उभे राहूनच ओरडले. तपासल्याशिवाय गोळ्या कोणी दिल्या, एक दिवस कोणी घालवला. मी दारात उभी होते. तू म्हणालीस, "मीच दिल्या, साहेब." ते बराच वेळ बोलत राहिले, तुझ्या एवढ्या वर्षांच्या नोकरीचं काढलं, आणि तू मान खाली घालून ऐकत होतीस. ते गेल्यावर मी विचारलं, तू खोटं का बोललीस. तू स्टोव्हला पंप मारत होतीस. म्हणालीस, "कपाट उघडं ठेवून कोण गेलं होतं? मीच ना. मग मीच दिल्या." त्यानंतर त्या कपाटाची किल्ली तुझ्या कमरेला लागली ती नोकरी संपेपर्यंत. पण मला परत त्यावरून कधी एक शब्द बोलली नाहीस. तू गेल्यावर ट्रंकेत तुझ्या सर्टिफिकिटांखाली त्या साहेबांचा मेमो सापडला. मी तो वाचला आणि परत घडी घालून ठेवला. तो फाडून टाकावा असंही वाटलं होतं, का ते मलाच नीट सांगता येणार नाही.

आता गेल्या महिन्यातलं. आवणीचे दिवस, सगळा डोंगर भात लावण्यात गुंतलेला, चार दिवस पेठकडच्या एका उपकेंद्राचं नेटवर्क गेलेलं आणि त्या सकाळी आलेलं. त्यामुळे रांग लांब होती. तिथली नर्स नवी आहे, बागलाणातली पोर, पाच महिने झालेत, अजून पाड्यांवरचे सगळे चेहरे तिला माहीत नाहीत. तिने एक कार्ड माझ्याकडे पाठवलं. पहिलटकरीण, आठवा महिना, मागच्या वेळी रक्त कमी. मग पडद्यावर एक बाई आली. खांद्यावर पावसाचा प्लास्टिकचा कागद, केस ओले, कोपरापर्यंत वाळलेला चिखल, चेहरा तरतरीत. आमच्या पडद्यावर माणूस छातीपर्यंतच दिसतो, पुढचं आपण धरून चालायचं. मी विचारलं, काय होतंय. ती म्हणाली, "डोकं लय दुखतं. डोळ्यांपुढं अंधारी येती. पाय सुजल्यात." हे ऐकून मी सावध व्हायला हवं होतं, आणि झालेही होते. पण नर्सने घेतलेलं बीपी समोर होतं, माझ्यापेक्षा चांगलं. रक्त तपासलं होतं, छान वाढलेलं. मी खालची पापणी ओढून दाखव म्हटलं, तिने एका हाताने ओढली, आत लालबुंद. बाळ फिरतंय का विचारलं. ती क्षणभर बाजूला बघत राहिली आणि म्हणाली, "फिरतंय." मी म्हटलं, "सगळं चांगलं आहे. गोळ्यांनी रक्त वाढलंय. आवणीला वाकू नकोस, झोप काढ, पुढच्या महिन्यात ये." मी एकेक सांगत होते आणि ती ओठांतल्या ओठांत ते पुन्हा म्हणत होती, निरोप पाठ करावा तशी.

आई, तक्रार एका बाईची होती आणि माप दुसरीचं. पडद्यावर होती ती पहिलीची जाऊ, स्वतः गरोदर नसलेली. जिचं कार्ड, ती दोन तासांच्या वाटेवर नदीपलीकडे घरात पडलेली होती, पाय चपलेत मावत नव्हते इतके सुजलेले. मी त्या नर्सला एवढंच म्हटलं असतं, की हिला आडवं कर आणि बाळाचे ठोके मला ऐकव, यंत्र तिथे आहे, तर तिथल्या तिथे उघड झालं असतं. तुझी नळी त्या वेळी माझ्या गुडघ्यापासून वीतभर अंतरावर खणात होती. मी म्हटलं नाही. आठव्या महिन्यात डोकेदुखी सांगणाऱ्या बाईचे ठोके ऐकायचे असतात हे मला शिकवायला कॉलेजची गरज नव्हती.

चौथ्या दिवशी तिला झटके आले. झोळीतून नदी ओलांडून पेठला, तिथून नाशिकला आणली. ती वाचली, बाळ पोटातच गेलं. मला हे एका फोनवर कळलं, कार्डाच्या नंबरावरून, आणि मी आधी म्हणाले, शक्य नाही, मी स्वतः बघितलंय तिला. हे वाक्य मी दोनदा म्हणाले. मग हॉस्पिटलात गेले. खाटेवर जी झोपली होती ती मी आयुष्यात पहिल्यांदा बघत होते. ओठ पांढरे, जीभ चावलेली, विशीतली पोरगी. तिच्या शेजारी खाली बसली होती ती माझ्या पडद्यावरची बाई. तिने मला लगेच ओळखलं, उठून उभी राहिली, डोक्यावर पदर घेतला. माझी नजर आधी खाटेवरच्या पायांकडे गेली. मी अंगठा दाबला आणि काढला. खळगा तसाच राहिला, मी बघत होते तोवर भरलाच नाही.

जावेच्या बोलण्यात राग असता तर मला सोपं गेलं असतं. ती मला समजावून सांगत होती. "तिला चालवत नव्हतं, नदीला पाणी होतं. म्हून तिच्या बदली मी आले. भगताकडं बी घरातल्या सगळ्यांची मीच जाते." मी विचारलं, नर्सला सांगितलं का, की कार्ड दुसरीचं आहे. ती म्हणाली, "बाईनं इचारलं, कार्ड कोणाचं. मी म्हणलं, आमचंच हाय. मग तिनं दंडाला पट्टा बांधला. मला वाटलं, तसंच असंल मशीनचं, बांधलं की घरच्याचं दिसत असंल." भगताला तांदळात दिसतं तर एवढ्या मोठ्या मशीनला का दिसू नये. मग तिने जे सांगितलं ते मला रोज ऐकू येतं. "तुम्ही म्हणल्या सगळं चांगलं हाय. मी घरी जाऊन तसंच सांगितलं. तिला लय बरं वाटलं. त्या दिशी ती जेवली बी. मंग आम्ही म्हणलं, आता उचलून न्यायचं कशाला." म्हणजे मी नुसती चुकले नाही. मी काहीच बोलले नसते, नेटवर्क पाचव्या दिवशीही आलं नसतं, तर कदाचित त्यांनी तिला आधीच झोळीत घातलं असतं. माझ्या त्या चार पांढऱ्या गोळ्यांनी झालं होतं, तेच झालं. फरक एवढाच की ह्या वेळी दंड धरून डोंगर चढायला लावणारं कोणी नव्हतं.

ऑफिसात चौकशी बसली. ऑफिस वाईट लोकांचं नाही, पण घडलेल्या गोष्टीला एक नाव लागतं आणि ते लवकर लागतं. पेशंट कोण हे बघणं केंद्रावरच्या माणसाचं काम, असं नियमात लिहिलेलं आहे, आणि तो नियम लिहिणाऱ्यांत मी होते. पेशंटला झोपवून तपासण्याचं कलम यादीतून काढावं, वेळ फार जातो, असं सुचवणारीही मीच, कारण बाहेर पावसात माणसं ताटकळत असतात असं मला वाटायचं. ते खरंही होतं. नर्सचा काल फोन आला. आधी ती ऑफिसात बोलतात तशी नीट बोलत होती, कार्ड विचारलं होतं मॅडम, पदर पोटावरून ओढलेला होता, पोट लहान असेल वाटलं, नंतर विचारणार होते, बाहेर गर्दी होती. मग ती एकदम तिच्या घरच्या बोलीत गेली. "मनी काय चूक शे, मॅडम? माले सांगा ना." माझी काय चूक, असं ती विचारत होती; बाबांमुळे मला ती बोली कळते. मी तिला म्हटलं, काळजी करू नकोस, बघू. 'बघू' हा शब्द मी किती सराईतपणे वापरते हे मला फोन ठेवल्यावर कळलं. तिची चूक आहेच. दंडाला पट्टा बांधताना तिने त्या बाईकडे नीट पाहिलं नाही. पण ती पेठची नाही, पुरचुंडी काय असते हे तिला कोणी सांगितलेलं नाही, आणि ती ज्या कपाटापाशी उभी होती ते उघडं टाकून गेलेली मी आहे.

अहवालातलं मुख्य वाक्य असं आहे: रुग्णाची ओळख केंद्रस्तरावर पडताळण्यात आली नाही. किती स्वच्छ वाक्य आहे बघ. त्यात कोणी माणूसच नाही. ते मी शुक्रवारी लिहिलं आणि त्यानंतर शनिवारी रात्रीपर्यंत घरातली भांडी लावली, कपाटं आवरली, पंचवटीत जाऊन भाजी आणली, एवढी की फ्रिजमध्ये मावेना. काल तुझी ट्रंक उघडून तो मेमोही काढला. तपासणी न करता औषध दिल्याबद्दल, असं त्यात लिहिलंय, आणि खाली तुझी सही, गोल, शाळेतल्या वहीत करावी तशी. त्या दिवशी मी दारात उभी होते ना, तेव्हा मला हायसं वाटलं होतं, आई. तुझ्यावर ओरडत होते आणि मला हायसं वाटत होतं, की माझं नाव आलं नाही. अकरा वर्षांच्या मुलीला ते माफ असेल. मी आता पन्नाशीला आले आहे आणि शुक्रवारी ते वाक्य लिहून झाल्यावर मला अगदी तस्संच हायसं वाटलं.

दुसऱ्या पानाच्या तळाशी एक चौकट आहे, सल्ला देणाऱ्या डॉक्टरांचे निरीक्षण. ती मी कोरी ठेवली आहे. तिच्यात काय लिहायचं ते मला माहीत आहे, पण ऑफिसच्या भाषेत ते बसत नाही, प्रत्येक वेळी वाक्यातून मी निसटते. ह्या पत्राचं पुढे काही होणार नाही, हे त्या मेमोबरोबर तुझ्याच ट्रंकेत जाईल. म्हणून ते आधी इथे लिहून बघते, मग तिकडे उतरवते.

पापणी ओढायला त्या बाईने उजवा हात वर केला, तेव्हा डावी मूठही जराशी वर आली. मुठीत फडकं होतं, हळदीने पिवळं झालेलं, वर गाठ मारलेली. आवाज तुटत होता, चित्र मात्र अगदी स्वच्छ होतं. त्या मजल्यावर आम्ही पाच डॉक्टर बसतो, बाकी चौघांना ते नुसतं फडकं वाटलं असतं. मला पुरचुंडी ओळखू आली. ही कोणाच्या तरी जागी बसली आहे, हेही त्याच क्षणी मनात आलं. बाजूच्या यादीत अजून अकरा नावं होती, आणि मी मान खाली घालून औषध टाइप करायला लागले.